याहाट्सजवळ, एप्रिल

तंबूच्या खुंट्या ठोकायला हातोडी नव्हती.
हेरंबदादाने दगड घेतला, मी टॉर्च धरला,
आणि झाडांपलीकडे कुठेतरी समुद्र
रात्रभर जड सामान ओढत राहिला
वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूसारखा.

सकाळी मी गुडघ्यांवर.
मग कोपरांवर. मग सरळ पोटावर,
ओल्या पाचोळ्यात, कॅमेरा नाकाला लावून,
कारण ओरेगनची ही फुलं
उभ्या माणसाला तोंड दाखवत नाहीत.

पहिलं ट्रिलियम. तीन पानं, तीन पाकळ्या,
रेशनवर मोजून दिल्यासारखं.
आधी पांढरं असतं, म्हातारं होताना जांभळं होतं,
दादाने पाटीवरचं वाचून दाखवलं, बूट झटकत.
त्याला झाडांचं काही नाही.
बावीस वर्षं इथे राहून त्याच्या लेखी हे सगळं
हिरवं.

ओढ्याकाठी ते पिवळं, भपकन वास मारणारं.
मी म्हटलं, अळूच्या कुळातलं आहे,
आपल्या फदफद्याचं भाऊबंद.
तो हसला.
विमानतळावर भेटल्यापासून पहिल्यांदा.

नेच्याचे कोंब, केसाळ, आत वळलेले,
कुणीतरी किल्ली भरून ठेवून विसरलेले.
आणि वारा. दर दोन मिनिटांनी
समुद्राकडून एक फुंकर, की फोकस गेला.
धर ना जरा, मी म्हटलं.
त्याने देठ धरला.
पुढच्या वेळी न सांगता धरला.
गवत मागे सारलं, कवडशावर हात आडवा केला,
कारण ऊन पडलं की आंबुशी
पानं छत्रीसारखी मिटून घेते.

हो, आंबुशीच. आपल्या कुंडीतल्या तणाच्या चौपट,
पण तीच.
एक पान तोडून चाखलं. दातांत तीच शिरशिरी.
त्याला दिलं. त्याने चघळलं, थांबला.
"आई घालायची. आमटीत,"
एवढंच म्हणाला,
आणि लेन्स पुसायचं फडकं मागितलं.
लेन्स माझ्या हातात होती.

तेराव्याला तो व्हिसाच्या कागदांत अडकलेला.
यावर मी मनातल्या मनात
पुष्कळदा ओरडून घेतलंय, स्वयंपाकघरात, बसस्टॉपवर.
इथे नाही जमलं.
इथलं शेवाळ आवाज पिऊन टाकतं.

दुपारी तो थोरला स्प्रूस.
मुळं जमिनीला लागायच्या आधीच फाकलेली,
खाली माणूस वाकून जाईल एवढी कमान.
पूर्वी इथे एक आडवं पडलेलं खोड होतं,
त्याच्या अंगावर हा रुजला,
मग ते खोड हळूहळू कुजून संपलं,
आणि हा अजून पाय फाकवून उभा आहे,
ते होतं तेवढी जागा सोडून.

दादा आत शिरला. बाहेर आला. गुडघे झाडले.
"काही नाहीये आत."
मी तरीही फोटो काढला.

रात्री खिचडी तळाला लागली.
धुक्याने तंबू जड झाला.
एकाच ब्लँकेटवर बसून दोनशे बारा फोटो बघितले,
आणि जवळजवळ प्रत्येकाच्या कोपऱ्यात, धूसर,
त्याचा अंगठा.
नख निळंकाळं.
"हे काल लागलं? दगडाने? बोलला नाहीस."
"तू टॉर्च हलवत होतीस."

"कापून टाक तेवढा भाग," तो म्हणाला,
"फुलं चांगली आलीयेत."
बघू, मी म्हटलं.

शेवटचा पोकळीचा. सगळा काळा.
"हा तर उडवच."
मी झूम केलं. अजून केलं.
काळ्यात एका जागी हिरवं काहीतरी,
टाचणीच्या डोक्याएवढं.
पान असेल, नाहीतर सेन्सरवरचा डाग.
"कुठे?" म्हणत तो जवळ सरकला,
आणि बॅटरी गेली.

विझलेल्या स्क्रीनकडे
आम्ही बराच वेळ बघत बसलो.